शिट्टीमास्तर आणि उजवीकडचे

शांताराम मास्तरांनी शिट्टी फुंकली की मंचरच्या बाजारातले बैल जागच्या जागी खाली बसायचे. हे मी सांगतो तेव्हा लोक एकमेकांकडं बघून हसतात. बरं, बैल सोडा. एका वरातीचा घोडा मात्र नवरदेवासकट बसला होता, आणि मास्तरांनी दुसरी शिट्टी दिल्याशिवाय उठला नव्हता. नवरदेव आजही हयात आहे, पण तो कबूल करणार नाही. मास्तर आता नाहीत. त्यांच्याबद्दल मी जे सांगतो ते जरा कमी करूनच सांगतो. पुरतं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

नाव शांताराम, आणि आवाजात त्यांची बरोबरी करायची तर लाऊडस्पीकरच लागायचा, तोही दोन कर्ण्यांचा. कळंबच्या अलीकडं, पुणे-नाशिक रस्त्याला लागून आमचं गाव. तिथल्या हायस्कूलात मास्तर पी.टी. शिकवायचे, म्हणजे कबड्डी शिकवायचे. बाकीचे खेळ पोरांना सर्दी झाली की खेळायचे, असं त्यांचं मत होतं. गळ्यात शिट्टी आणि पँटच्या दोन्ही खिशांत फक्की, म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. उजव्या खिशाला भोक होतं. मास्तर चालत गेले की मागं बारीक पांढरी रेघ उमटत जायची. त्यांच्या मंडळी, म्हणजे कमलकाकू, जेवायला बोलवायला निघाल्या की कुणाला काही विचारायच्या नाहीत. रेघ धरून चालायच्या आणि चहाच्या टपरीवर बरोबर गाठायच्या. ते भोक शिवायला काकूंनी कधी सुई का घेतली नाही, ते आता तुम्हाला कळलं असेल.

पंगत वाकडी बसली की मास्तर उठून लाईन मारायचे. टँकरपुढं लाईन, रेशनच्या दुकानापुढं लाईन. "लाईन म्हंजे लाईन," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. कुणाचं बोट जरी पलीकडं गेलं तरी शिट्टी.

आयुष्यभर पंचगिरी केल्यामुळं त्यांची नजर माणसाच्या गुडघ्याच्या वर फारशी जात नसे. गावातलं झाडून सगळं माणूस ते पायांवरून ओळखायचे. "पाय बघायचा, पाय," ते म्हणायचे. "तोंडाचं काय, ते खोटं बोलतंय." एकदा मतं मागायला आलेला एक पुढारी त्यांच्या पाया पडायला वाकला. तेव्हा कुठं त्याचं तोंड मास्तरांच्या नजरेच्या टप्प्यात आलं. "आसं व्हय तुमचं तोंड!" मास्तर म्हणाले. "मी आपला तुमाला चपलांवरनंच वळखत व्हतो."

आता पिंपरी पेंढारची फायनल सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अंतिम सामना आमचं गाव विरुद्ध मढ. मढची पोरं डोंगरातली, भाताच्या खाचरात चिखल तुडवून एकेकाच्या पिंढऱ्या अशा झालेल्या की त्यांच्यावर नारळ फोडावा. ऐनवेळी पंच आलाच नाही. मढवाले म्हणाले, "तुमचे शिट्टीमास्तर करतील की पंचगिरी. आमाला चालतंय." समोरच्या गावानं आपला माणूस पंच मागितला, हे ऐकूनच आमची मंडळी खूश. कप जणू घरी आलाच.

आमच्या संघात बाळ्या होता. बाळ्याच्या उजव्या पायाचा अंगठा म्हणजे खोडरबर. पाय लाईनीबाहेर पडला की तो अंगठ्यानं हळूच फक्की पुसायचा आणि लाईन वीतभर मागं सरकवायचा. तालुक्यातल्या एकाही पंचाला ते कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी शेवटच्या चढाईत बाळ्यानं मढचा गडी धरला, सगळं गाव नाचायला लागलं, आणि शिट्टी वाजली.

"बाळ्या, आउट! पाय भाईर. वरनं लाईन पुसली."

कप मढला गेला. आमच्या गावाची जीप मास्तरांना तिथंच टाकून निघून आली. शेवटी मढच्या पोरांनी आपला टेम्पो उलट्या दिशेला वळवून त्यांना घरी आणून सोडलं. बाळ्याला शिक्षा अशी, की पुढच्या सगळ्या हंगामात मैदान त्यानं आखायचं. बाळ्या वाकून वाकून फक्की टाकायचा आणि मास्तर मागं उभं राहून म्हणायचे, "पुसायला एक अंगठा लागतो रं. मारायला कंबर लागती."

तोच बाळ्या पुढं बाळासाहेब झाला आणि आमचा सरपंच झाला. मास्तर त्याला चारचौघांत बाळासाहेब म्हणायचे, आणि त्याच्या पायांशी बोलताना बाळ्या.

मास्तरांच्या आजोबांच्या पिढीनं बौद्ध धम्म घेतला. घर गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं. मास्तर तिथंच वाढले, शिकले, नोकरीला लागले. गावाबाहेर हमरस्त्यालगत बिगरशेती प्लॉट पडले तेव्हा सगळ्यात आधी पैसे भरले ते मास्तरांनी. कुठला प्लॉट कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं होतं. मी विचारलं, "मास्तर, खालचं घर चांगलं असताना इतक्या लांब कशाला?"

"गावात कुणी कुठं ऱ्हायचं ते आपल्या जन्माच्या आधीच ठरलेलं व्हतं, भाऊ," ते म्हणाले. "हितं चिठ्ठी ठरवणार. डावीकडं कोन येनार, उजवीकडं कोन येनार, बापालासुदिक ठाऊक नाय. मला आसला शेजार पायजे."

त्यांनी घर बांधलं. टुमदार, दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावर भिंतीत बुद्धाची छोटी मूर्ती. आणि मग डावीकडचे आले नाहीत. उजवीकडचेही आले नाहीत. समोरचे, मागचे, कोपऱ्यावरचे, कुणीच आलं नाही. प्लॉट घेणारे सगळे पुण्या-मुंबईत नोकरीला. भाव वाढायची वाट बघत त्यांनी प्लॉट ठेवून दिले. कॉलनीच्या कमानीवर 'सुखनिवास' असं लिहिलेलं होतं आणि कमानीच्या आत गाजरगवत माणसाच्या डोक्याइतकं. सगळ्या सुखनिवासात निवास करणारी माणसं दोनच.

काकूंची तक्रार एकच होती. विरजण बिघडलं तर मागायचं कुणाकडं? वाटी घेऊन गावात चालत जायचं आणि पदराखाली झाकून परत यायचं. उन्हाळ्यात घरी येईपर्यंत वाटीतच ताक तयार असायचं. (लोणी तरंगत होतं, असं मी म्हणत नाही. पण फार कमीही नव्हतं.) "घर कशाला म्हनायचं," काकू म्हणायच्या, "जिथं वाटी घिऊन कोनी दारात येत नाय?"

मास्तर मात्र न आलेल्या शेजाऱ्यांविषयी असं बोलायचे की जणू ते आत वामकुक्षी घेतायत. "उजवीकडचे यंदा बांधत्याल." "डावीकडच्यांचं पोरगं आता कॉलेजला आसंल." दर वर्षी पाऊस संपला की ते गवत काढून दोन्ही बाजूंच्या प्लॉटांच्या हद्दी फक्कीनं पुन्हा आखायचे. शेजारी आले आणि त्यांना आपला कोपराच सापडला नाही, असं व्हायला नको.

शेजार आला तो बिबट्याचा. उसातून निघून गाजरगवतात मुक्कामाला. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन येईपर्यंत मास्तरांनी घराभोवती फक्कीची जाड लाईन मारली. सकाळी मी स्वतः जाऊन पाहिलं. बिबट्याचे ठसे सरळ घराकडं आलेले, लाईनीशी थांबलेले, लाईनीला धरून पूर्ण गोल फिरलेले आणि आल्या वाटेनं परत गेलेले. एकही नख पलीकडं नाही. मास्तर उकिडवे बसून ते पाय न्याहाळत होते. "बघ," म्हणाले, "जनावराला कळतं. बाळ्याला कळत न्हवतं."

मग रस्ता रुंद झाला. गाड्यांची रीघ लागली, आणि इतकी वर्षं तोंड न दाखवलेले प्लॉटवाले एकदम जागे झाले. त्यांनी अर्ज केला, की आमचे प्लॉट राहण्यासाठीचे आहेत ते दुकानांसाठी करून द्या. वरच्या कचेरीनं ग्रामपंचायतीला विचारलं, ग्रामसभेचं म्हणणं काय?

ग्रामसभेचं म्हणणं! त्या दिवशी देवळापुढच्या पारावर एवढा गलका झाला की वडावरचे कावळे शेजारच्या गावाला गेले आणि तिथल्या कावळ्यांनी त्यांना विचारलं, काय झालं? तरण्या पोरांना गाळे हवे होते. संतोष न्हावी रस्त्याकडेला छत्रीखाली खुर्ची मांडून दाढ्या करायचा. तो ओरडत होता, "आमी काय जन्मभर छत्रीतच ऱ्हायचं का राव?" सुनंदावहिनीची पिठाची गिरणी भाड्याच्या पत्र्यात होती, आणि तो पत्रा रस्तारुंदीत जाणार होता. ती म्हणाली, "मला दुकान द्या, न्हाईतर गिरणी डोक्यावर घिऊन फिरते." दुसरी बाजू म्हणत होती, एकदा दुकानं झाली की राहायला जागा उरणार नाही, पोरांना घरं बांधायची तर कुठं बांधायची?

आणि सगळे चोरून मास्तरांकडं बघत होते. प्लॉट घरांसाठीच राहिले तर आणखी वीस वर्षं गाजरगवत. दुकानं झाली तर सगळीकडं शटर, संध्याकाळी कुलपं लावून माणसं आपापल्या घरी. दोन्हीकडून उजवीकडचे काही येत नव्हते.

बाळासाहेब म्हणाला, "मास्तर, तुमचं एकट्याचं घर हाय तिथं. तुमी बोला."

"ज्याचं घर मैदानात, त्यानं निकाल द्यायचा नसतो," मास्तर म्हणाले. "पर येक सांगतो. प्लॉटवाल्यांचा नकाशा आलाय ना? तो कागदावर बघून कुणाला काय कळंना. आपन तो जाग्यावर आखू. हाय तेवढा, हाय तसा. मग त्यात फिरून बघा आन् हात वर करा."

"आन् आखनार कोन?"

मास्तरांनी फक्त खिशावर थाप मारली. पांढरा ढग उठला.

जेसीबीनं गाजरगवत काढलं. फक्कीची पोती आली. मास्तर नकाशा छातीशी धरून, दोरी लावून, वाकून लाईन मारत चालले. दुपारपर्यंत सगळा बाजार जमिनीवर उभा राहिला. म्हणजे आडवा राहिला. हा गाळा, ही भिंत, हे शटर, ही गाड्या लावायची जागा.

आणि गाव त्यात शिरलं ते असं शिरलं की विचारू नका. संतोषनं आपल्या गाळ्यात खुर्ची आणून टाकली आणि खरोखर दाढ्या करायला बसला. गिऱ्हाईकं लाईनीबाहेर नंबर लावून उभी. दोन सख्खे भाऊ कोपऱ्याच्या गाळ्यावरून भांडले, आणि धाकट्यानं रागारागानं नसलेलं शटर खाली ओढलं. माझी शपथ, मला खडखडाट ऐकू आला. एका म्हातारीनं कापडाच्या दुकानात उभं राहून नसलेल्या लुगड्याचा पोत बोटांनी पाहिला आणि "लई पातळ हाय" म्हणून निघून गेली. सुनंदावहिनी आपल्या गिरणीच्या जागेत डोळे मिटून उभी राहिली, तर तिच्या पापण्यांवर पीठ दिसायला लागलं. फक्की असेल ती. भिंतीतून आरपार जायची हिंमत मात्र एकाचीही नव्हती. मास्तरांची शिट्टी ओठांत होती. माणसं दहा पावलांवरच्या माणसाला भेटायला सगळ्या बाजाराला वळसा घालून जात होती.

शेवटची लाईन राहिली होती. मास्तर नकाशात बघत, मागं मागं सरकत आखत होते. मान खाली, नजर दोरीवर. लाईन आली ती सरळ त्यांच्या अंगणापुढून, फाटकाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि मिळाली. लाईन मिळाली तेव्हा मास्तर आत होते.

तेवढ्यात गावाकडून काकू आल्या. हातात वाटी, वर पदर. लाईनीशी आल्या आणि थांबल्या.

"आता मी घरात कुठनं यीऊ?" काकूंनी विचारलं.

मास्तरांनी लाईनीकडं पाहिलं. नकाशाकडं पाहिलं. मी मागून डोकावलो. नकाशात सगळेच प्लॉट रिकामे धरले होते. अर्ज करणाऱ्यांनी जुन्या आखणीवरून कागद केला होता, त्यावर मास्तरांचं घर दाखवलेलंच नव्हतं. घरापुढचा रस्ता होता तिथं गाळ्यांची रांग आली होती.

"काकू, वलांडून जा की," कुणीतरी म्हणालं.

"भिंत हाय ती," मास्तर म्हणाले.

"मग मास्तर, पुसा जरा!"

"पंचानं लाईन पुसायची नसती."

संतोषचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. लाईनीच्या आत मास्तर, बाहेर काकू, दोघांच्या मध्ये चार बोटं रुंदीची फक्की, आणि काकूंच्या वाटीतलं विरजण उन्हात तापायला लागलेलं. गंमत म्हणून सुरू झालेल्या खेळात आता कुणाला हसू येईना. इतका वेळ जो तो आपापला गाळा बघत होता. ही भिंत कुणाच्या दारावर आली, ते पहिल्यांदाच दिसलं होतं.

गर्दीतून बाळासाहेब पुढं आला. त्यानं उजव्या पायातली चप्पल काढली. लाईनीशी उभा राहिला, आणि तोच अंगठा, तालुक्यात गाजलेला, सगळ्या गावादेखत, सावकाश फिरवत एका दाराएवढी फक्की पुसून काढली.

मास्तर त्याच्या पायाकडं बघत होते. शिट्टी ओठांत होती. गाल फुगले. आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

शिट्टी वाजलीच नाही.

"या काकू," बाळासाहेब म्हणाला.

काकू आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "बाळ्या, जेवून जा. ताक व्हईलच आता."

नंतर मी मास्तरांना विचारलं, "शिट्टी का नाही मारली?" ते म्हणाले, "शिट्टीत फक्की गेली व्हती रं." मग मी विचारलं, "नकाशात घर नाही, हे तुम्हाला आधी दिसलं होतं का?" यावर ते माझ्या पायांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या चपलेचा आंगठा तुटाय आलाय."

त्याच संध्याकाळी पुन्हा सभा बसली. मास्तर सभेत आले नाहीत. पाराच्या बाहेर एक लाईन मारून तिच्या पलीकडं उभे राहिले. निकाल माझ्या घरावर येतोय, मी बाहेर, असं म्हणाले. वाट सुनंदावहिनीनं काढली. "मला गिरणी बी पायजे आन् रातच्याला पाठ टेकायला घर बी पायजे," ती म्हणाली. "खाली गाळा करा, वर घर करा. शटर वढलं की जिना चढायचा. जो वर ऱ्हायला तयार, त्यालाच खाली दुकान. आन् मास्तरांचा रस्ता हाय तिथं ठेवा, मागच्या दोन रांगा घरांलाच ठेवा."

मग संतोष म्हणाला, "वहिनी, हे सकाळीच बोलली असती तर माझ्या फुकट दाढ्या वाचल्या असत्या की!" हात वर झाले. सगळेच झाले म्हणतो मी. कोपऱ्याच्या गाळ्यावरून भांडलेल्या दोन भावांनी तर एकमेकांचेही वर केले.

ठराव गेला. वरच्या कचेरीनं आपला वेळ घेतला. हे, ते, ही दुरुस्ती, ती अट. पण शेवटी होकार आला. पहिला पाया खणला गेला तो मास्तरांच्या उजवीकडं. तिथल्या मालकानं प्लॉट सुनंदावहिनीला विकून टाकला होता. पाया आखायला गवंडी आला तर मास्तरांची दर वर्षीची लाईन आधीच तिथं हजर. गवंड्यानं दोरी लावून पाहिलं आणि दोरी गुंडाळून ठेवली.

खाली गिरणी सुरू झाली, वर माणसं राहायला आली. गिरणीच्या आवाजात मास्तरांना स्वतःचीच शिट्टी ऐकू येईना. सगळ्यांना ते रोज तक्रार सांगायचे, "लई कालवा हाय वो आमच्याकडं. शेजार म्हनलं की आसंच," आणि सांगताना चेहरा असा, की नातवाच्या खोड्या सांगतायत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका सकाळी. आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. मास्तर थकले होते, पण खिशात फक्की होतीच. फाटक वाजलं. मास्तरांची नजर सवयीनं खाली गेली. जोडवी घातलेले दोन पाय, त्यांवर पिठाचा पांढरा थर. सगळ्या गावाचे पाय ओळखणारा माणूस त्या पायांकडं बघतच राहिला. ओळख पटेना.

"हे पाय नवं हायेत," ते म्हणाले. "कोन गं तू, बाळ?"

"मी उजवीकडची," पोरगी म्हणाली. सुनंदावहिनीची नवी सून होती ती. हातात रिकामी वाटी. "काकूंकडं वाईच विरजण हाय का? आमचं नासलं."

मास्तर आजवर कुणाच्या तोंडाकडं बघत नसत. त्या दिवशी त्यांनी मान वर केली, आधी त्या वाटीकडं पाहिलं आणि मग तिच्या तोंडाकडं, सरळ, बराच वेळ.

"अगं ए!" ते आत वळून ओरडले. "उजवीकडचे आलेत! विरजण मागत्यात!" एवढं बोलून भागेना म्हणून त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. किती वेळ फुंकली म्हणता? माझा चहा गार झाला. ती शिट्टी पार मढच्या डोंगरापर्यंत ऐकू गेली.

तुमचा विश्वास बसत नसेल तर थोडं कमी करा. कळंबपर्यंत म्हणा. त्याच्या खाली मात्र मी येणार नाही.